वस्सकाराचा प्रश्न आणि औंधची राज्यघटना

मज्झिमनिकायातील १०८ वे सुत्त 'गोपकमोग्गल्लान सुत्त' या नावाने ओळखले जाते. भगवान बुद्धांच्या महापरिनिर्वाणास फार काळ लोटलेला नाही, असा त्यातील प्रसंग आहे. अवंतीचा राजा पज्जोत चाल करून येईल या शंकेने मगधराज अजातसत्तू राजगृहाची तटबंदी दुरुस्त करून घेत आहे. कामाची पाहणी करीत महामात्य वस्सकार गोपकमोग्गल्लान ब्राह्मणाच्या कामाच्या जागी येतो. आयुष्मान आनंद तेथे बसलेले असतात. तो त्यांना विचारतो की, आपल्या पश्चात तुम्ही ज्याच्या आश्रयाने राहावे असा एखादा भिक्खू तुमच्या शास्त्याने नेमून ठेवला आहे काय? आनंद नाही म्हणतात. मग संघाने तरी असा कोणी निवडला आहे काय? त्याचेही उत्तर नकारार्थीच येते. तसे असेल तर तुमच्यातील सलोख्याचा आधार कोणता, असे वस्सकार विचारतो. त्यावर आनंद सांगतात की आम्ही निराश्रित नाही, धम्म हा आमचा आश्रय आहे. दर पंधरवड्यास एका गावक्षेत्रातील भिक्खू एकत्र जमतात, पातिमोक्खाचे पठण होते आणि ज्याच्याकडून दोष घडला असेल त्याच्याविषयी नियमाप्रमाणे कार्यवाही होते. ती कार्यवाही कोणा एकाच्या मर्जीने होत नसते.

वस्सकार हा राजसत्तेत मुरलेला मनुष्य होता. एक शास्ता गेला म्हणजे त्याच्या जागी दुसरा आला पाहिजे, ही त्याची समजूत राजवाड्यातील अनुभवावरून बनलेली होती. राजेशाहीतून घटनात्मक लोकराज्याकडे शांततेने झालेल्या कोणत्याही संक्रमणाची परीक्षा करावयाची असेल, तर त्याचा हा प्रश्न कसोटी म्हणून वापरता येईल, असे आम्हांस वाटते. सत्ता देणारा दूर झाल्यावर लोक कोणाच्या आश्रयाने राहतात, माणसाच्या की नियमाच्या, हे त्या कसोटीवर पाहता येते.

महाराष्ट्राच्या भूमीत असे एक संक्रमण घडले ते औंध संस्थानात. त्याचे तपशीलवार वर्णन करणारे दोन इंग्रजी ग्रंथ अभ्यासकांच्या परिचयाचे आहेत. पहिला इंदिरा रोदरमुंड यांचा 'द औंध एक्सपेरिमेंट' (१९८३) व दुसरा औंधचे राजपुत्र अप्पासाहेब पंत यांचा 'ॲन अनयूज्वल राजा' (१९८९). या ग्रंथांनी व त्यांच्या आधारे झालेल्या पुढील लेखनाने औंधकडे पाहण्याची जी दृष्टी रूढ केली, तिचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम घटनाक्रम पाहू. औंध हे दक्षिण महाराष्ट्रातील एक लहान संस्थान होते. त्याची ७२ गावे आजच्या सातारा, सांगली व कर्नाटकातील विजापूर या जिल्ह्यांच्या मुलखात तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली होती. क्षेत्रफळ सुमारे ५०० चौरस मैल आणि लोकसंख्या पाऊण लाखाच्या आसपास होती. १९०९ पासून गादीवर असलेले भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी हे चित्रकार, कीर्तनकार व सूर्यनमस्कारांचे प्रचारक म्हणून महाराष्ट्रास ठाऊक होते. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीस त्यांचा आश्रय होता. प्राचीन ग्रंथांच्या पाठचिकित्सेचे काम करणाऱ्या आमच्यासारख्यांवर त्यांचे हे ऋण आहे, ते आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

नोव्हेंबर १९३८ मध्ये, वयास ७० वर्षे पूर्ण झाली असता, या राजाने राज्यकारभार प्रजेच्या स्वाधीन करण्याचा मनोदय जाहीर केला. त्यामागे दोन व्यक्तींची प्रेरणा होती. एक त्यांचे पुत्र अप्पासाहेब आणि दुसरे मॉरिस फ्रीडमन. फ्रीडमन हे पोलंडमधून आलेले अभियंते होते व भारतानंद या नावाने आश्रमीय जीवन जगत होते. म. गांधींच्या सल्ल्याने घटनेचा मसुदा तयार झाला आणि २१ जानेवारी १९३९ रोजी औंधची स्वराज्यघटना अमलात आली. गावोगाव निवडलेल्या पाच जणांची पंचायत, पंचायतींवर तालुक्याची सभा, तिच्यावर संस्थानची विधिसभा व त्या सभेस जबाबदार असलेले मंत्रिमंडळ, अशी तिची रचना होती. गावचे तंटे गावातच मिटविण्याचे अधिकार पंचायतीस मिळाले. राजा घटनात्मक प्रमुख म्हणून राहिला. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. पुढे व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) या चित्रपटास तिच्यापासूनच कथाबीज मिळाले. १९४२ नंतरच्या भूमिगत चळवळीत कुंडलसह औंधच्या मुलखाने कार्यकर्त्यांना आश्रय दिला. ८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतील इतर संस्थानांबरोबर औंध मुंबई प्रांतात विलीन झाले. अशा रीतीने हा प्रयोग ९ वर्षे चालला.

त्याच काळात राजकोटमध्ये काय झाले हे ध्यानात घेतले म्हणजे औंधचे मोल कळते. तेथील ठाकूरसाहेबांनी डिसेंबर १९३८ मध्ये सुधारणांचे वचन दिले आणि महिन्याभरात ते मोडले. त्यासाठी मार्च १९३९ मध्ये गांधीजींना उपोषण करावे लागले. औंधच्या राजाने आपले वचन पाळले. रक्त न सांडता, आंदोलनाचा रेटा नसताना एका सत्ताधीशाने सत्ता सोडली ही घटना लहान नाही. तिचे अवमूल्यन करण्याचा आमचा हेतू नाही.

आक्षेप आहे तो या घटनेच्या वर्णनाविषयी. अप्पासाहेबांच्या ग्रंथाच्या शीर्षकातच राजा मध्यभागी आहे. पुत्राने पित्याविषयी लिहिलेल्या ग्रंथात तसे होणे साहजिक असले, तरी त्यामुळे स्वराज्य हे राजाच्या असामान्य औदार्याचे फळ ठरते. रोदरमुंड यांची दृष्टी अभ्यासकाची आहे व त्यांनी पंचायतींच्या कामाची चिकित्साही केली आहे. तथापि प्रयोगाला 'गांधीवादी' हे विशेषण लावल्याने मध्यभागी पुन्हा एक व्यक्तीच येते. पुढील लेखकांनी तर दाता राजा व मार्गदर्शक महात्मा या दोन प्रतिमांपलीकडे फारसे पाहिलेच नाही. ज्या शेतकऱ्याने पंचायतीत बसून पहिल्यांदा शेजाऱ्याच्या बांधाचा निवाडा केला, तो या कथेत केवळ घेणारा म्हणून उभा राहतो.

देणारा राजा आणि घेणारी प्रजा, हा आकृतिबंध फार जुना आहे. आमच्या वाशिममध्येच त्याचा ठळक पुरावा सापडला, आणि तोही योगायोगाने १९३९ मध्येच. वाकाटक नृपती द्वितीय विंध्यशक्ती याचा ताम्रपट त्या वर्षी येथे उजेडात आला. त्याच्या ३७ व्या राज्यवर्षी वत्सगुल्म म्हणजे आजच्या वाशिमहून तो दिलेला आहे. वंशावळीचा भाग संस्कृतात, तर दानाचा मुख्य मजकूर प्राकृतात आहे. त्यात नांदेडच्या परिसरातील एक गाव ब्राह्मणांना दिले असून दान घेणाऱ्यांस मिळणाऱ्या सवलती मोजून सांगितल्या आहेत. ज्या गावाचे दान झाले त्या गावातील लोकांचा शब्द त्यात कोठेही नाही. गाव ही देण्याची वस्तू आहे, देणाऱ्याची कीर्ती तांब्यावर कोरलेली आहे. औंधच्या घटनेकडे याच नजरेने पाहिले, तर ती एक मोठ्या आकाराचा ताम्रपट ठरेल. आमच्या मते ती त्याहून वेगळी होती, आणि म्हणूनच तिचे वर्णन दानाच्या भाषेत करणे तिच्यावरही अन्याय करणारे आहे.

पालि साहित्यात सत्तेच्या उगमाची दुसरी एक कथा आहे. दीघनिकायातील अग्गञ्ञ सुत्तात लोक भाताच्या शेतांच्या सीमा आखतात. चोरी, खोटे बोलणे व मारहाण सुरू होते. तेव्हा ते एकत्र येऊन आपल्यातील एकास न्याय करण्यासाठी निवडतात व त्याबद्दल त्याला आपल्या भाताचा वाटा देण्याचे ठरवितात. बहुतांनी संमत केलेला म्हणून तो 'महासम्मत'. येथे देणारे लोक आहेत, घेणारा राजा आहे, आणि त्याला मिळणारा भात हे त्याच्या कामाचे वेतन आहे. या कथेच्या उजेडात पाहता १९३९ साली औंधच्या राजाने जे केले ते दान म्हणता येणार नाही. ती ठेव मूळ मालकास परत करणे होते. ठेव प्रामाणिकपणे परत करणाऱ्याचा आदर करावा, पण त्याला दाता म्हणू नये.

संक्रमणाचे खरे मर्म मात्र सत्ता परत करण्याच्या क्षणात नसते, त्यानंतरच्या रोजच्या रीतीत असते. या बाबतीत विनयपिटकाचा अभ्यास उपयोगी पडतो. संघाच्या प्रत्येक कर्मास किमान उपस्थिती ठरलेली आहे. साध्या कर्मास चार भिक्खू, मध्यदेशात उपसंपदेस दहा, सीमेपलीकडच्या प्रदेशात पाच. आजारी भिक्खू येऊ शकत नसेल तर त्याची संमती, म्हणजे 'छंद', दुसऱ्याने आणून द्यावयाची. आधी प्रस्ताव मांडावयाचा, तो 'ञत्ति'. मग 'कम्मवाचा' एकदा किंवा तीनदा म्हणावयाची. मान्य असेल त्याने मौन राखावे, नसेल त्याने बोलावे. वाद मिटत नसेल तर बहुमताने म्हणजे 'येभुय्यसिका' पद्धतीने निर्णय करावयाचा. त्यासाठी शलाका वाटणारा 'सलाकागाहापक' नेमावयाचा. तो आवड, द्वेष, मोह व भय यांच्या आहारी न जाणारा आणि कोणती शलाका घेतली गेली व कोणती नाही हे जाणणारा असावा.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील आपल्या अखेरच्या मोठ्या भाषणात याच नियमांचा उल्लेख केला होता. भारताला संसदीय कार्यपद्धती अपरिचित नव्हती, ती भिक्खू संघात होती, आणि तो वारसा एकदा गमावला गेला, हे त्यांनी सभेच्या लक्षात आणून दिले. त्याच भाषणात राजकारणातील व्यक्तिपूजेविषयी त्यांनी कठोर इशारा दिला. या दोन मुद्द्यांचा परस्परसंबंध आपल्याकडे पुरेसा ओळखला गेलेला नाही. आनंदांनी वस्सकाराला दिलेल्या उत्तरात ते दोन्ही एकत्र आहेत. नियम होते म्हणूनच संघाला एका व्यक्तीच्या आश्रयाची गरज पडली नाही.

येथे अभ्यासक म्हणून एक सावधगिरी नोंदविणे आमचे कर्तव्य आहे. संघाची पद्धत व आजची लोकशाही एकच, असे म्हणता येणार नाही. चुल्लवग्गातील नियमानुसार अधम्माच्या बाजूने अधिक शलाका पडल्या, तर शलाकाग्रहण नीट झाले नाही असे म्हणून ते पुन्हा घेता येत असे. बहुमताहून धम्म वरचढ होता. वज्जींचे गणराज्य, ज्याच्या सात अपरिहानिय धम्मांचा गौरव महापरिनिब्बान सुत्तात आहे, तेही सर्व प्रजेचे नव्हते. ते क्षत्रिय कुळांचे होते. दास व कर्मकर यांना त्याच्या सभागृहात आसन नव्हते. आपल्या प्राचीन वारशाचा अभिमान बाळगताना हे झाकून ठेवले, तर वारसा सांगण्याचा आपला अधिकारच कमी होतो.

'सभागृहात आसन कोणाला?' हाच प्रश्न औंधच्या घटनेलाही विचारला पाहिजे. मतदारास लिहितावाचता आले पाहिजे, या अटीचा गांधीजींनी औंधच्या संदर्भात पुरस्कार केला. त्या ओढीने लोक अक्षरे गिरवतील असा हेतू होता, आणि हेतू शुद्ध होता याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु शतकानुशतके ज्यांना पाटीला हात लावू दिला नाही, त्यांच्याकडेच अक्षराचा दाखला मागणारी ही अट होती. बाबासाहेबांनी १९२९ मध्येच, सायमन आयोगाच्या निमित्ताने लिहिलेल्या स्वतंत्र अहवालात, अशा अटीचा फोलपणा दाखविला होता. निरक्षर म्हणजे निर्बुद्ध, ही समजूत चुकीची आहे आणि साक्षरता म्हणजे शहाणपण, हीही चुकीचीच, असा त्यांचा युक्तिवाद होता. प्रौढ मताधिकाराची त्यांची मागणी त्यातूनच आली.

दुसरी बाब ग्रामपंचायतीची. औंधच्या रचनेचा पाया गाव हा होता. १९३२ मध्ये मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी अस्पृश्यांना पंचायतीत स्वतंत्र प्रतिनिधित्व असल्यावाचून न्यायाचे अधिकार तिच्या हाती देण्यास विरोध केला होता. ज्या गावात पाणवठा वेगळा, स्मशान वेगळे, तेथे पाच पंच कोणाचे होतील, हा त्यामागील साधा प्रश्न होता. औंधची घटना अमलात आल्यानंतर आठच दिवसांनी, २९ जानेवारी १९३९ रोजी, पुण्याच्या गोखले सभागृहात त्यांनी संघराज्य व स्वातंत्र्य या विषयावर व्याख्यान दिले. संस्थानिकांनी नेमलेले प्रतिनिधी हे प्रजेचे प्रतिनिधी नव्हेत, हे त्यांनी तेथे बजावले. औंधवरील ग्रंथांशेजारी हे व्याख्यान ठेवून वाचले पाहिजे. एकाच महिन्यात, शंभर मैलांच्या आत, सत्ता वरून सोडण्याचा आणि ती खालून मागण्याचा असे दोन विचार मांडले गेले. दुसरा विचार पहिल्याच्या कथेतून गळला आहे.

या चर्चेत भूतानचे उदाहरण उपयोगी पडेल. ते दूरचे वाटू नये. औंधची घटना घडविण्यात भाग घेतलेले अप्पासाहेब पंत पुढे भारताच्या परराष्ट्र सेवेत गेले आणि १९५५ ते १९६१ या काळात गंगटोक येथे राजकीय अधिकारी होते. सिक्कीम, तिबेट व भूतान यांच्याशी भारताचा व्यवहार त्यांच्याकडे होता. त्या बौद्ध राज्यात ५० वर्षांनी औंधसारखीच घटना घडली. चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी १९९८ मध्ये कार्यकारी अधिकार मंत्रिमंडळाकडे सोपविले, २००१ मध्ये घटनेचा मसुदा करण्यास सांगितले आणि २००६ मध्ये स्वतः गादी सोडली. २४ मार्च २००८ रोजी राष्ट्रीय सभेची पहिली निवडणूक झाली, १८ जुलै २००८ रोजी घटना स्वीकारली गेली.

वस्सकाराची कसोटी लावली असता येथे दोन गोष्टी उल्लेखनीय दिसतात. राजाने वयाच्या ६५ व्या वर्षी निवृत्त व्हावे, आणि संसदेचे विशिष्ट बहुमत व जनमत यांच्या आधारे त्याला दूर करता यावे, हे घटनेतच लिहिले आहे. म्हणजे राजाही नियमाखाली आला. दुसरी गोष्ट अशी की, पहिल्या निवडणुकीत ४७ पैकी ४५ जागा मिळविणारा पक्ष २०१३ मध्ये पराभूत झाला व पायउतार झाला. २०१८ व २०२४ मध्येही सत्ताधारी बदलले. लोक मतपेटीकडे निर्णयाचे साधन म्हणून पाहू लागल्याची ही खूण होय.

परंतु तेथेही आसनाचा प्रश्न उरतोच. उमेदवारास विद्यापीठाची पदवी असली पाहिजे, अशी अट आहे. औंधच्या साक्षरतेच्या अटीचीच ही पुढची पायरी. त्याहून गंभीर बाब अशी की, १९९० च्या सुमारास एक लाखाहून अधिक नेपाळीभाषक लोकांना भूतान सोडून पूर्व नेपाळमधील छावण्यांत राहावे लागले. त्यांतील बहुसंख्यांचे पुढे अमेरिकेसारख्या दूरच्या देशांत पुनर्वसन झाले. २००८ च्या मतदानाच्या रांगेत ते नव्हते. प्रजा कोण हे आधी वरून ठरावे आणि मग त्या प्रजेला मत मिळावे, हा शांततेने झालेल्या संक्रमणातील दोष आहे. राज्य बौद्ध आहे एवढ्यामुळे आम्ही त्यावर पांघरूण घालणे योग्य होणार नाही.

मग औंधचे मूल्य काय? आमचे मत असे की, तिचे मूल्य पाच पंचांच्या बैठकीत आहे. राजवाड्यातील घोषणा वाचून तेथील माणूस नागरिक झाला नाही. गावच्या चावडीवर प्रस्ताव ऐकणे, विरोध नोंदविणे, विरोध करूनही निर्णय मान्य करणे, हे शिकताना तो नागरिक होऊ लागला. ९ वर्षे हा अभ्यास चालला. विलीनीकरणानंतर संस्थानची घटना संपली, आणि राजा, महात्मा व मार्गदर्शक यांची नावे मागे राहिली. पंचांची नावे मागे राहिली नाहीत. हा इतिहासाचा दोष कमी व इतिहासलेखनाचा अधिक आहे. आजही ७२ गावांतील पंचायतींच्या कामाचा इतिहास मराठीत, गावाच्या बाजूने, कोणी लिहिला तर तो आम्हांस पूर्वोक्त दोन्ही ग्रंथांहून अधिक मोलाचा वाटेल.

हा विषय आमच्या वाचकांपासून दूरचा नाही. ७३ व्या घटनादुरुस्तीने, २४ एप्रिल १९९३ पासून, ग्रामपंचायतीला घटनेचा आधार मिळाला. अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा मिळाल्या, स्त्रियांना एक तृतीयांश आणि महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या. १९३२ मध्ये बाबासाहेबांनी जे मागितले होते, ते ६० वर्षांनी कायद्यात आले. तरीही वाशिम जिल्ह्यातील गावांतून फिरताना असे दिसते की, निवडून आलेली भगिनी सही करते आणि खुर्चीत दुसराच कोणी बसतो. ग्रामसभेची नोंदवही घरोघर फिरून भरली जाते. तेथे अजून वस्सकाराच्या पद्धतीनेच विचारले जाते की, आता गावात चालते कोणाचे?

आणि हा प्रश्न आम्ही आमच्या विहारांनाही विचारला पाहिजे. कित्येक विहार समित्यांत एकच अध्यक्ष वीस-वीस वर्षे राहतो. त्याने पदरमोड केलेली असते, जागा मिळविलेली असते, म्हणून त्याला कोणी विचारत नाही. हिशेब वाचला जात नाही. त्याच्या पश्चात त्याचा मुलगा येतो किंवा समिती दुभंगते. ज्या परंपरेत शास्त्याने स्वतःमागे कोणालाही नेमले नाही, देवदत्ताने संघाचे नेतृत्व मागितले असता ते नाकारले, त्या परंपरेचे नाव फलकावर लिहून आत मात्र संस्थान चालवावे, ही विसंगती आहे. औंधच्या राजाने ७० व्या वर्षी जे केले, ते करण्यास आमच्या अध्यक्षांना राज्य सोडावे लागत नाही.

वर्षावासाच्या अखेरीस पवारणा होते. तीत प्रत्येक भिक्खू, थेरांपासून नवख्यापर्यंत, संघाला विनंती करतो की माझ्याविषयी काही पाहिले, ऐकले वा शंका असेल तर सांगा. यंदाच्या आश्विन पौर्णिमेस प्रत्येक विहार समितीने निदान वर्षाचा हिशेब सर्वांसमक्ष वाचावा, प्रस्ताव मांडावा व विरोधी मत नोंदवहीत लिहून घ्यावे, एवढी सूचना करून आम्ही हे विवेचन थांबवितो.